शिनाणे का मिटतात

आलेख उलटा लागला होता. हर्षाली कुबलच्या सादरीकरणातला तो सर्वांत महत्त्वाचा आलेख, आणि त्याची वरची बाजू खाली गेली होती. ती सांगत होती की पाण्यात विष वाढू लागलं की शिंपले मिटतात, आणि तिच्या मागच्या पडद्यावर ते हळूहळू उघडत होते. समोर पुण्यातल्या तिच्या संस्थेतले तरुण संशोधक दाटीवाटीने बसले होते. एकाच्याही कपाळावर आठी नव्हती. बोलणं संपलं तेव्हा भिंतीवर हिरव्या अक्षरांत आकडा उमटला: त्र्याण्णव. टाळ्या पडल्या.

प्रशिक्षक सौमित्र सरपोतदार उभा राहिला आणि म्हणाला की संशोधनाला पैसे देणाऱ्या मंडळापुढे जाण्याआधीच्या तालमीत एवढे गुण त्याने स्वतःचे सोडून कुणाचे पाहिले नव्हते.

मागच्या रांगेत हर्षालीच्या मार्गदर्शक डॉ. वसुधा नगरकर बसल्या होत्या. खोलीत फक्त त्यांच्या कानात ती गुण मोजणारी, मटाराएवढी गुंडी नव्हती. त्यांना कमी ऐकू येत असे. कानात आधीच एक यंत्र आहे, दुसऱ्याला जागा नाही, असं त्या गमतीने सांगत. दाराशी हर्षाली भेटली तेव्हा त्या नेहमीच्या पुटपुटत्या आवाजात म्हणाल्या, "छान बोललीस. तुझे शिनाणे उलटे उघडतायत तेवढं बघ."

हर्षालीने लॅपटॉप उघडला. मग पुन्हा हिरव्या आकड्याकडे पाहिलं. तो अजून भिंतीवर होता.

गुण देणाऱ्या त्या यंत्राचं नाव अनुनाद. त्यामागचं विज्ञान खरं होतं आणि सुंदरही. एक माणूस बोलत असतो, दुसरा ऐकत असतो, आणि ऐकणाऱ्याला जेव्हा उमगत असतं तेव्हा त्याच्या मेंदूतले विद्युतसंकेत बोलणाऱ्याच्या संकेतांच्या मागोमाग, दोनतीन सेकंदांच्या अंतराने, त्याच चालीत चालतात. गोष्ट फार रंगली तर ऐकणारा क्वचित पुढेही धावतो. भाषा अनोळखी असेल तर दोन चाली जुळतच नाहीत. पूर्वी हे मोजायला माणसाला मोठ्या यंत्रात झोपवावं लागे. मग कानाच्या आतल्या त्वचेवरून ते संकेत टिपणाऱ्या गुंड्या आल्या, आणि बोलणारा व ऐकणारे यांच्यातलं साम्य शून्य ते शंभर अशा आकड्यात भिंतीवर दिसू लागलं.

मंडळांनी ते उचललं यात नवल नव्हतं. संशोधनाच्या पैशासाठी शेकडो प्रस्ताव येत. परीक्षक थकलेले असत, आणि ज्याचा आवाज मोठा किंवा ज्याची ओळख मोठी त्याचं काम होई. अनुनादला ओळखीपाळखी नव्हत्या. पंचाहत्तरच्या खाली गेलेला प्रस्ताव चर्चेलाच घ्यायचा नाही, असा नियम झाला. मग प्रत्येक संस्थेत संवादकौशल्याचा वर्ग आला. त्यानंतर पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेला गुंडी आली, नोकरीच्या मुलाखतीला आली. संस्थेतल्या एका मुलाने तर मुलगी पाहायला जाताना खिशात दोन गुंड्या नेल्याची वदंता होती. लग्न जमलं नाही. पण आकडा चांगला आला होता म्हणे.

सौमित्र आणि हर्षाली एकाच वर्षी नगरकरांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले होते. तेव्हा सौमित्र बोलताना अडखळायचा. अनुनाद आल्यावर त्याचा पहिला प्रस्ताव बावन्नवर पडला. तो वर्षभर आरशासमोर आणि यंत्रासमोर बोलत राहिला, आणि शेवटी प्रशिक्षकच झाला. त्याने शिकवलेलं हर्षालीला उपयोगी पडलं होतं हे ती कधी नाकारत नसे. पाठ करून बोलायचं नाही. पडद्याकडे नाही, माणसांकडे पाहायचं. एका वाक्यात एकच गोष्ट. नगरकर मॅडमना हे कुणी तिशीत शिकवलं असतं तर बरं झालं असतं. त्या आयुष्यभर फळ्याशी बोलल्या, आणि त्यांचे किती चांगले प्रस्ताव केवळ ऐकूच न आल्यामुळे पडले.

पण सौमित्रचे आणखीही काही नियम होते. 'कदाचित' म्हटलं की दोन गुण जातात. ऐकणाऱ्याला विचार करायला थांबवू नका, कारण थांबला की त्याचा मेंदू तुमच्या मागून यायचं सोडून आपल्या वाटेने जातो. आणि नगरकरांच्या प्रयोगशाळेची जुनी पद्धत, प्रत्येक सादरीकरणाच्या शेवटच्या स्लाईडवर 'माहीत नाही' असं लिहून त्याखाली आपल्याला न कळलेलं मांडायची, ती तर सरळ अकरा गुणांनी मारते.

हर्षालीने ती स्लाईड काढून टाकली होती.

उलट्या आलेखाचं तिने सांगितलं तेव्हा सौमित्र संस्थेबाहेरच्या टपरीवर चहा ढवळत होता. तो हसला.

"कुणाच्या लक्षात आलं?"

"मॅडमच्या."

"त्यांच्या कानात गुंडी नव्हती. मोजणीत त्या नाहीतच."

"तेच म्हणतेय मी. मग त्र्याण्णव कशाचे?"

"तुझ्या बोलण्याचे. तू इतकं सफाईदार बोललीस की लोकांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. आलेख सुलट कर आणि नागपूरला मंडळापुढे जा, हर्षू. हातातलं घालवू नकोस."

तो मनापासून सांगत होता. पूर्वी याच टपरीवर दोघं शिंपल्यांवरून इतके भांडत की चहावाला दोघांना वेगवेगळ्या बाकांवर बसवी. आता सौमित्रचं प्रत्येक वाक्य पूर्ण आणि गुळगुळीत असे, आणि त्यावर काही बोलण्याजोगं राहत नसे.

तिच्या हातात जे होतं ते असं होतं. मालवणजवळच्या ज्या खाडीकाठी ती वाढली तिथे खडकांवर हिरवे शिंपले लागतात. त्यांना तिकडे शिनाणे म्हणतात. भरतीला ते तोंड उघडून पाणी गाळतात आणि त्यातलं सूक्ष्म शेवाळ खातात. अलीकडे समुद्र तापू लागल्यापासून त्या शेवाळाची एक विषारी जात मधूनच फोफावे. शिनाण्यांना ते विष मारत नाही, पण त्यांच्या मांसात साठतं, आणि शिजवल्याने जात नाही. हर्षालीच्या वाडीतल्या नंदूकाकांनी एकदा नेहमीसारखं शिनाण्यांचं कालवण खाल्लं. आधी ओठांना मुंग्या आल्या, मग हात बधिर झाले, मग श्वास. ते वाचले, पण यंत्रावर श्वास घेत काढलेल्या दिवसांनंतर ते पूर्वीचे नंदूकाका राहिले नाहीत. शिनाण्यांचा नमुना दूरच्या प्रयोगशाळेत पोचून अहवाल येईपर्यंत गावाने त्या खडकावरचे सगळे शिनाणे खाऊन संपवलेले असत.

हर्षालीची युक्ती साधी होती. शिंपल्याच्या एका शिंपेवर लहानसं चुंबक चिकटवायचं, दुसरीवर ते ओळखणारा संवेदक. शिंपला किती उघडा आहे हे क्षणाक्षणाला कळतं. विषारी शेवाळ येऊ लागलं की शिनाणे अस्वस्थ होतात, पुन्हापुन्हा मिटतात, आणि हे मांसात विष साठण्याच्या बरंच आधी घडतं. खाडीच्या तोंडाशी असे पहारेकरी बसवले की इशारा वेळेत देता येईल. राज्याच्या मंडळाने मान्यता दिली तर पूर्ण किनाऱ्यावर तशी केंद्रं उभी राहणार होती. नाही दिली तर काहीच नाही, आणि पुढचा नंदूकाका कुठल्या वाडीतला एवढंच ठरायचं बाकी.

फक्त एक अडचण होती, आणि ती त्या काढून टाकलेल्या स्लाईडवर होती. पावसाळ्यात डोंगरावरून गोडं पाणी खाडीत उतरलं की शिनाणे तेव्हाही मिटतात. विष असो वा नसो. त्या महिन्यांत नुसत्या शिंपल्याकडे पाहून काहीच सांगता येत नाही. हे लपवून प्रस्ताव मंजूर झाला तर काय होईल हे तिला स्पष्ट दिसत होतं. पावसाळ्यात रोज खोटे इशारे जातील, लोक हसतील, आणि मग ज्या दिवशी खरा इशारा येईल त्या दिवशीही हसतील.

तिने त्या संध्याकाळी आईला फोन केला. आई मालवणच्या बाजारात मासे विकायची. विकताना शिनाण्यांना हात लावायची नाही, नंदूकाकांच्या त्या दुखण्यानंतर तिने ते सोडून दिलं होतं. हर्षालीने तिला पुढच्या आठवड्याच्या सादरीकरणाविषयी सांगितलं, शिंपले, चुंबक, इशारा, सगळं. आईने मध्ये एकदाही तोडलं नाही.

"समाजला?" हर्षालीने विचारलं.

"सगळा समाजला," आई म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "पण तू हल्ली टीव्हीवरच्या बाईसारख्या बोलतंस गो. समाजता सगळा, पण इचारूक काय उरणा नाय."

हर्षालीने फोन ठेवला. पूर्वी आईचे प्रश्न संपत नसत. चुंबकाने शिनाण्याला दुखत नाही का, इथपासून तुझं लग्न कधी, इथपर्यंत ते जात. गेल्या दोन वर्षांत आईने तिला कामाबद्दल काही विचारलं होतं का? आठवेना. तिला वाटत होतं आई म्हातारी होत चालली आहे.

दुसऱ्या दिवशी ती नगरकरांच्या खोलीत गेली आणि तिने त्यांना सांगितलं की तिला आकडा आणि खरं समजणं यांची तुलना करून पाहायची आहे, जी अनुनाद बनवणाऱ्यांनी कधी केली नसावी. मग तिने तालमीला आलेल्यांपैकी जे भेटतील त्यांना एकच प्रश्न विचारला: विष आल्यावर शिंपला उघडतो की मिटतो? निम्मे म्हणाले मिटतो, निम्मे म्हणाले उघडतो. नाणं उडवलं असतं तरी हेच उत्तर आलं असतं. आणि सगळ्यांनी वर सांगितलं की बोलणं अगदी छान समजलं.

"यंत्र खोटं बोलत नाहीये," ती उत्तरं ऐकून नगरकर म्हणाल्या. "लोक तुझ्यामागून चालले हे खरंय. कुठे चालले ते त्यांना ठाऊक नव्हतं."

सादरीकरण तिने मोडून पुन्हा बांधलं. सौमित्रने ते पाहिलं आणि डोक्याला हात लावला. तो म्हणाला की हे पंचाहत्तरच्या वर जाणार नाही, तिचा प्रस्ताव कुणी वाचणारही नाही, आणि हे सगळं ती कुणाला दाखवण्यासाठी करतेय. तिने सांगितलं की त्याने शिकवलेलं सगळं ती वापरणार आहे, शेवटचे तीन नियम सोडून. दोघं जवळजवळ भांडले. जवळजवळच.

नागपूरच्या त्या सभागृहात समुद्र फक्त भिंतीवरच्या नकाशात होता. समितीत पाच जण होते. अध्यक्ष मनोहर बोरकुटे, निवृत्त सनदी अधिकारी, नियमाला पक्के. त्यांच्या डावीकडे मत्स्यरोगतज्ज्ञ डॉ. झरीन काझी, उजवीकडे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक तिडके. इतर दोघे सकाळपासून सहा सादरीकरणं ऐकून खुर्चीत रुतले होते. सौमित्र संस्थेच्या चमूबरोबर आला होता आणि मागे, आकड्याच्या पडद्याखाली बसला होता.

हर्षालीने बोलायच्या आधी पाचही जणांपुढे दोन-दोन कोरे कागद आणि एकेक पेन्सिल ठेवली. मग तिने नंदूकाकांची गोष्ट सांगितली, थोडक्यात. शिनाण्यांचा पहारा कसा चालतो ते सांगितलं. पडद्यावर नेहमीच्या दिवसाची रेघ दाखवली, भरतीबरोबर वर जाणारी आणि ओहोटीबरोबर खाली येणारी. आकडा अठ्ठ्याऐंशी होता.

"आता इथे पाण्यात विषारी शेवाळ आलंय," तिने रेघेवर बोट ठेवलं. "पुढची रेघ तुम्ही काढा."

पाचही जणांनी ती खाली नेली. तिने खरा आलेख दाखवला, या वेळी सुलट. तिडके खूश झाले.

"आता विष नाही. फक्त पाऊस पडलाय आणि डोंगरावरचं गोडं पाणी खाडीत आलंय. आता काढा."

आणि ती गप्प बसली.

सौमित्रच्या वर्गात गप्प बसायला तीन सेकंदांची मर्यादा होती. सभागृहात पेन्सिलींचा आवाज येत होता. आकडा एकोणसत्तरवर आला, मग अठ्ठावन्नवर. प्रत्येकाचा मेंदू आपापल्या वाटेने निघाला होता.

"मॅडम," बोरकुटे हळूच म्हणाले, "तुमचा आकडा पडतोय."

"दिसतोय मला, सर. तुमची रेघ झाली का?"

बोरकुट्यांनी गोंधळून कागदाकडे पाहिलं. त्यांची झाली नव्हती. त्यांनी पेन्सिल उचलली.

तिडक्यांनी रेघ वर नेली होती. काझींनी शेजारून पाहिलं आणि त्यांना राहवलं नाही. "गोडं पाणी आल्यावर तो उघडेल कशाला, तिडके सर? तो काय नागपूरचा आहे?"

रुतलेल्या दोघांपैकी एक जण हसला. तिडके म्हणाले की पाऊस म्हणजे गारवा, गारव्यात कोणीही उघडेल. काझींनी समजावलं की खारट पाण्याच्या प्राण्याला गोडं पाणी म्हणजे संकट, तो दार लावूनच बसणार. तिडक्यांनी रेघ खोडली, खाली नेली आणि मग पहिल्या कागदाशेजारी दुसरा धरला. ते दोन्हीकडे पाहत राहिले. आकडा एक्केचाळीस झाला होता.

"थांबा," ते म्हणाले. "हे दोन्ही सारखेच दिसतात."

तिडक्यांनी मान वर करून हर्षालीकडे पाहिलं.

"मग पावसाळ्यात तुमचं यंत्र काय सांगणार? विष आहे का पाऊस आहे हे कसं कळणार?"

"नुसत्या शिनाण्यांवरून नाही कळणार, सर," ती म्हणाली. "जून ते ऑक्टोबर मला नाही सांगता येणार."

आता पाचही जण पुढे झुकले होते. काझी म्हणाल्या की मग शेजारी खारटपणा मोजायला हवा. तिडक्यांनी विचारलं की मोजणारा किती खोल बसवायचा, कारण गोडं पाणी वर तरंगतं. हर्षालीने पुढची स्लाईड लावली. तिच्यात तेच होतं: प्रत्येक केंद्रावर दोन खोलींवर खारटपणाचे संवेदक, पावसाळ्यात दर आठवड्याला किनाऱ्यावरच विषाची चाचणी, आणि त्या महिन्यांतल्या इशाऱ्यांची वेगळी भाषा. मग शेवटची स्लाईड आली. वर लिहिलं होतं 'माहीत नाही', आणि खाली: गोडं पाणी आणि विष एकाच दिवशी आलं तर? त्यावर काझींनी आणि तिडक्यांनी एकमेकांचं न ऐकता बोलायला सुरुवात केली.

शेवटी बोरकुट्यांनी टेबलावर बोटं वाजवली. सरासरी साठच्याही खाली आहे, ते म्हणाले, आणि नियमानुसार हा प्रस्ताव चर्चेला घेता येत नाही.

"सर," काझी म्हणाल्या, "मग आपण गेला अर्धा तास काय करतोय?"

हर्षालीने परवानगी मागून तालमीतला उलटा आलेख दाखवला, त्याखालचा त्र्याण्णव दाखवला आणि निम्म्यानिम्म्या उत्तरांबद्दल सांगितलं. अनुनाद काढून टाका असं ती म्हणाली नाही. ऐकणारे आपल्याबरोबर आहेत की नाहीत हे कळणं चांगलंच, ती म्हणाली, फक्त शेवटी त्यांना एक प्रश्न विचारायला हवा.

बोरकुट्यांनी चष्मा पुसला. मग त्यांनी सहकाऱ्यांना विचारलं की सकाळचं पहिलं, चौऱ्याण्णव गुणांचं सादरीकरण नेमकं कशावर होतं.

"सौरऊर्जेवर," एक जण म्हणाला.

"नाही हो, कांद्याच्या साठवणीवर," दुसरा म्हणाला. "छान होतं पण."

बोरकुट्यांनी स्वतःच्या कानातली गुंडी काढून टेबलावर ठेवली आणि नियमाला अपवाद केल्याची नोंद घ्यायला सांगितली. संध्याकाळी मान्यता जाहीर झाली, पावसाळ्याच्या वेगळ्या व्यवस्थेसकट. त्याच बैठकीत असंही ठरलं की यापुढे प्रत्येक सादरीकरणानंतर आकडा पाहण्याआधी समितीला दोन प्रश्नांची उत्तरं लिहावी लागतील.

बाहेर पायऱ्यांवर सौमित्र उभा होता. तो अभिनंदन करेल असं तिला वाटलं. त्याने केलंही, पण त्याचं वाक्य अर्ध्यावर तुटलं आणि त्याने ते तसंच सोडलं.

"तुझा तो खोल संवेदक," तो म्हणाला. "म्हणजे... त्यावर कालवांचे शिंपले चिकटले तर? मला एक... माझी शंका आहे."

हर्षालीने चहाची टपरी शोधली. ते भांडले, आणि टपरीवाल्याने दोनदा वळून पाहिलं.

पुढच्या फेब्रुवारीत, आकाश कोरडं आणि खाडी खारट असताना, मालवणच्या पहिल्या केंद्रावरचे सगळे शिनाणे मिटू लागले. हर्षालीने आकडे दोनदा तपासले आणि मालवणातल्या सगळ्या फोनांवर इशारा पाठवला. त्यात कशावरून वाटतं, किती खात्री आहे आणि काय अजून ठाऊक नाही, तिन्ही लिहिलं होतं. चौथ्या मिनिटाला आईचा फोन आला. मागे बाजाराचा कलकलाट होता.

"बाजारातल्यांका शिनाणे इकू नको म्हणून सांगतंस?"

"होय, आये. आज नको."

"पावसाच्या पाण्यान मिटले नसतले कशावरसून?"

हर्षाली उठून उभी राहिली. तिने सांगितलं की पाऊस नाही, खारटपणा मोजलाय, तो नेहमीइतकाच आहे. पलीकडे आई ते शेजारणीला सांगत होती, आणि शेजारीण उलटं काहीतरी विचारत होती, आणि आई तिला समजावत होती. मग ती पुन्हा फोनवर आली.

"आणि तां मीठ मोजूचा मशीनच बिघाडला असात तर?"

"माहीत नाही, आये," हर्षाली म्हणाली. तिला हसू फुटत होतं. "त्याचा मी विचार केला नव्हता."

"मगे कर," आई म्हणाली, आणि गिऱ्हाईक आलं म्हणून तिने फोन ठेवला.

त्या आठवड्यात मालवणच्या बाजारात कुणी शिनाणे विकले नाहीत. प्रयोगशाळेचा अहवाल आला तेव्हा विष मर्यादेच्या कितीतरी वर होतं, आणि एकाही वाडीत कुणाच्या ओठांना मुंग्या आल्या नव्हत्या. नगरकर मॅडमनी अहवाल वाचला आणि पुन्हा वाचला. सौमित्रने नव्या वर्गात तो भिंतीवर लावला, आकड्याच्या शेजारी.

हर्षालीने तिची शेवटची स्लाईड उघडली. 'माहीत नाही' याच्या खाली तिने आणखी एक ओळ लिहिली, आणि कंसात विचारणारीचं नाव: सुमती कुबल, मालवण बाजार.